थाळी

पूल झाला त्या वर्षी कांदळतरची तर बंद पडली.
होडी उलटी करून ठेवली फणसाखाली,
आणि न्हंय पुलाखालून जात राहिली,
मोटारीतून कोणी बघत नाही अशी.

कागदावर तिला नाव आहे. आम्ही न्हंयच म्हणतो.

फाल्गुनात बंधाऱ्याला फळ्या असतात.
पाणी थांबतं, तापतं.
त्या साली त्यावर साय धरली,
पोपटी, जाड,
कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखी.
घोटणेकरांची म्हातारी म्हणाली, हिरवा झाला, बरा दिसता.
मग गुरुनाथाची पाडी तिथलं पाणी पिऊन आली
आणि दिवेलागणीला गोठ्यात पाय ताणून पडली.
शेवटे तोंडं वर काढून हवा गिळत होते.
आवेलीनबायचे खुबे
बाजारात कोणी हुंगलेसुद्धा नाहीत.

शाळेतल्या शमिकाने एक थेंब काचेखाली धरला.
बघा आजोबा, म्हणाली.
मी डोळा लावला:
ओवलेले मणी, पोत तुटून पडल्यासारखे,
इतके देखणे
की मला राग आला.

तिनेच घरातली जुनी थाळी मागितली,
जिच्यात माझा बाप जेवायचा.
चार भाग केले, दोन काळे, दोन पांढरे,
सुंभ बांधलं, दर वितीला गाठ.
रविवारी होडी सुलटी करायची,
मधल्या कोंडीवर थाळी सोडायची,
दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या.
पहिल्या दिवशी अर्धी गाठ.
याच कोंडीत मी पोरपणी
दोन पुरुष खोल पडलेली चवली
वरून बघून बुडी मारायचो.

देवळात बैठक भरली.
सगळ्यांची बोटं वरच्या अंगाला, हॉटेलाकडे.
शमिकाने वही उघडली:
हॉटेल आहे. पाणंदीवरची धुणी आहेत.
कलमांचं खत आहे.
मी खांबाला टेकून गप्प.
माझी पंचवीस कलमं. पावसाच्या तोंडावर
दुकानदार सांगेल तेवढा युरिया,
वर एक मूठ, हौसेची.

फळ्या काढा म्हटल्यावर अच्युत खवणेकर उठला.
माझ्यो पोफळी मरतल्यो, त्येचा काय?
तो खोटं बोलत नव्हता.
सातशे पोफळी त्या पाण्यावर उभ्या.
रात्री एक वाजता ठरलं ते एवढंच:
आठवड्यातून एकदा, खारं वर चढू नये म्हणून ओहोटी लागल्यावर,
खालच्या दोन फळ्या, दोन तास.
पहिली फळी त्यानेच ओढली,
शिव्या देत.

धुण्याचं पाणी आता केळीच्या आळ्यात जातं.
काठाला वाळा लावला, निम्मा गुरांनी खाल्ला,
पुन्हा लावला.
हॉटेलात सात वेळा गेलो, सात वेळा सरबत प्यालो.
आठव्यांदा आवेलीनबाय एकटी गेली,
न्हंयचं पाणी बाटलीत भरून,
आणि जेवणाच्या वेळेला गल्ल्यावर ठेवून आली,
बूच काढून.
ह्या तुझा, म्हणाली म्हणे.
टाकी बांधतो म्हणतात. खड्डा तरी खणलाय.

शमिका रत्नागिरीला कॉलेजात गेली.
वहीत आता माझं अक्षर आहे, वाकडं,
दोन रविवार तापाने कोरे.
खतवाल्याचा हिशेबही त्याच वहीत मागे लिहितो,
आकडा कमी होतोय का हे मलाच कळावं म्हणून.

मागच्या रविवारी सहा गाठी होत्या.
आज पाचवी गेली
आणि थाळी दिसते, न दिसते.
पाणी गढुळलं की माझे डोळे, ते ठरेना.
खवणेकराचा नातू होडीत येऊन बसतो हल्ली.
तुका दिसता? मी विचारलं.
त्याने सुंभ माझ्या हातून घेतलं,
कडेवरून ओणवा झाला,
नाक पाण्याला लागेपर्यंत,
आणि म्हणाला, थांब,
बघूक दी.